७२ तासांनी सुपरनेटंटमधलं (पेशींवरच्या द्रवातलं) आयएल-२ (इंटरल्यूकिन-२, पेशींना संदेश देणारं प्रथिन) गायब, तरी टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) वाढतच आहेत. हे कसं?

विभाजनरेषा

नमस्कार मंडळी. मांडणी अशी आहे: निरोगी माणसाच्या रक्तातून वेगळ्या केलेल्या सीडी३ टी पेशी, गोल बुडाची ९६ वेलची (खळग्यांची) प्लेट, वेलमागे २ लाख पेशी, २०० मायक्रोलिटर आरपीएमआय १६४० मीडियम (पोषकद्रव) आणि १० टक्के सिरम. सीडी३/सीडी२८ बीड्स (या दोन खुणांना धरून टी पेशीला चेतवणारे चुंबकी मणी) पेशीमागे एक. बाहेरून आयएल-२ मुद्दामच घातलेलं नाही.

तीन निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. एलायझात (द्रवातलं प्रथिन मोजणाऱ्या चाचणीत) २४ तासांना आयएल-२ भरपूर, ४८ ला बरंच कमी आणि ७२ ला मोजणीच्या मर्यादेखाली. पण सीएफएसईत (दर विभाजनाला निम्म्या होणाऱ्या रंगात) ७२ तासांनंतरही नवी शिखरं, म्हणजे नव्या पिढ्या, उमटत राहतात. दुसरं, शून्य तासापासून बॅसिलिक्सिमॅब हे प्रतिपिंड १० मायक्रोग्राम प्रति मिलिलिटर देऊन सीडी२५ (आयएल-२ च्या रिसेप्टरची एक साखळी) अडवलं, तरी चौथ्या दिवशी 'विभाजित पेशींची टक्केवारी' जवळपास तेवढीच येते. तिसरं, ७२ तासांच्या पेशींत फॉस्फो-स्टॅट५ (आयएल-२ चा संदेश पेशीत पोचल्याची खूण) पाहिला तर आयएल-२ न दिलेली नळीसुद्धा पॉझिटिव्ह.

पाठ्यपुस्तकात तर आयएल-२ म्हणजे टी पेशींचा वाढघटक. मग इथे मापन चुकतंय की समज?

सीडी२५वाला

पहिल्या निकालापुरतं सांगतो: दोन्ही बरोबर आहे. एलायझा आयएल-२ किती तयार झालं ते मोजत नाही, किती उरलं ते मोजतो. वेलमधल्या पेशीच ते पितात.

विश्रांतीतल्या टी पेशीवर आयएल-२ च्या रिसेप्टरची बीटा आणि गॅमा साखळी थोडी असते, अल्फा म्हणजे सीडी२५ जवळपास नसते. टीसीआरचा (अँटिजेन ओळखणाऱ्या टी पेशीच्या रिसेप्टरचा) संदेश मिळाला की काही तासांत सीडी२५ चढायला लागतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते भरगच्च असतं. तिन्ही साखळ्या एकत्र आल्या की आयएल-२ ची पकड साधारण १० पिकोमोलरवर बसते (आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट). नुसत्या बीटा-गॅमाची पकड १ नॅनोमोलरच्या आसपास, म्हणजे शंभरपट ढिली. नुसत्या अल्फाची तर १० नॅनोमोलर, आणि तिला पेशीच्या आत संदेश पाठवताच येत नाही. शिवाय आयएल-२ चिकटलेला तिहेरी रिसेप्टर १५-२० मिनिटांत आत ओढला जातो. बीटा-गॅमा आयएल-२ सकट लायसोसोममध्ये संपतात, अल्फा मात्र परत पृष्ठभागावर येते. त्यामुळे ७२ तासांची पेशी म्हणजे आयएल-२ शोषणारं यंत्रच असतं.

त्यातच उत्पादनही थांबलेलं असतं. आयएल-२ चा जनुक एनफॅट, एपी-१ आणि एनएफ-कप्पाबी या जनुक चालू करणाऱ्या प्रथिनांमुळे पेटतो, सीडी२८ मुळे (टीसीआरच्या जोडीच्या संदेशामुळे) त्याचा संदेशवाहक आरएनए जास्त काळ टिकतो, पण हा सगळा जोर मुख्यतः पहिल्या दिवसाचा. पुढे आयएल-२ च स्टॅट५ आणि ब्लिंप-१ या पेशीतल्या प्रथिनांमार्फत स्वतःच्या जनुकाला आवर घालतं, आणि त्याच स्टॅट५ मुळे सीडी२५ आणखी वाढतं. पुरवठा खाली, मागणी वर. ७२ तासांना शून्य येणारच.

खात्री करायची सोपी रीत: एकाच प्लेटमध्ये काही वेलना सीडी२५ अडवणारं प्रतिपिंड द्या आणि ७२ तासांना पुन्हा एलायझा करा. तिथे आयएल-२ साठून राहिलेलं दिसेल. नुसतं उत्पादन मोजायचं असेल तर सुपरनेटंट १८ ते २४ तासांत काढा. दोन गटांची तुलना करताना 'या गटात आयएल-२ कमी' असं ४८ तासांच्या एलायझावरून लिहिणं धोक्याचं आहे. तो गट जास्त पिणाराही असू शकतो.

फ्लोमावशी

+१. आता दुसरा निकाल. इथे समजही थोडी सुधारावी लागेल आणि मोजणीही.

आयएल-२ हा विभाजन सुरू करणारा खटका नाही. टीसीआर आणि सीडी२८ चा जोर पुरेसा असेल तर पेशी त्याच्याशिवायही पहिली काही विभाजनं करते. सीडी३/सीडी२८ बीड्सचा संदेश तर शरीरात क्वचितच मिळेल इतका जबरदस्त असतो. आयएल-२ ठरवतं ते हे, की पेशी किती पिढ्यांपर्यंत जाईल, थांबल्यावर जगेल की मरेल, आणि वाटेत काय बनेल. मेलबर्नच्या गटाने २०१४ साली उंदराच्या सीडी८ पेशींवर नेटकं दाखवलं की अँटिजेन, सहउद्दीपन आणि सायटोकाइन (आयएल-२ सारखी संदेशप्रथिनं) यांतलं प्रत्येक जण पेशीच्या वाट्याला ठरावीक विभाजनं घालतं आणि त्यांची जवळपास सरळ बेरीज होते. त्याच गटाच्या २०१७ च्या कामात मिक हे प्रथिन घड्याळासारखं दिसलं: सुरुवातीला किती मिक जमलं यावर विभाजन कधी थांबणार ते ठरतं, आणि आयएल-२ मिकला वर धरून ठेवतं.

आता मोजणी. 'विभाजित टक्केवारी' हा आकडा फसवा आहे, कारण एका आईची सहाव्या पिढीत ६४ लेकरं होतात. सहाव्या पिढीच्या शिखरात ६४०० पेशी दिसल्या तर मूळ पेशी १०० च. म्हणून प्रत्येक शिखरातली संख्या २ च्या त्या पिढीइतक्या घाताने भागा, तेवढे पूर्वज झाले. मग दोन वेगळे प्रश्न विचारा: किती पूर्वजांनी विभाजनाला हात घातला, आणि ज्यांनी घातला ते सरासरी किती पिढ्या गेले. सीडी२५ अडवल्यावर पहिला आकडा फारसा हलत नाही, दुसरा खाली येतो. वेलमधली एकूण जिवंत संख्या तर आणखी खाली येते, कारण मेलेल्या पेशी गेटबाहेर (फ्लो सायटोमेट्रीत मोजायला निवडलेल्या भागाबाहेर) जातात आणि टक्केवारीत त्यांचा पत्ताच लागत नाही. नळीत मोजणीचे बीड्स ठरावीक संख्येने घाला आणि निरपेक्ष संख्या काढा. मृत पेशींचा रंगही हवाच.

सीएफएसईबद्दल दोन सूचना, कारण शिखरं धूसर असतील तर वरचं सगळं गणित वाया जातं. प्रथिन नसलेल्या पीबीएसमध्ये (खारट बफरमध्ये) पेशी १ कोटी प्रति मिलिलिटर, रंग अंतिम २.५ मायक्रोमोलर, घालताक्षणी हलवून एकजीव करा, खोलीच्या तापमानाला ५ मिनिटं, मग १० टक्के सिरम असलेलं थंड मीडियम किमान पाचपट घालून थांबवा आणि दोनदा धुवा. डीएमएसओ या द्रावकातल्या साठ्यात ओल शिरली की रंग आधीच फुटतो आणि पेशी फिक्या येतात. आणि 'अविभाजित' शिखर शून्य दिवसाच्या पेशींवरून कधीच ठरवू नका. पहिल्या २४ तासांत विभाजन न होताच बरीच चमक उतरते. तेवढेच दिवस ठेवलेल्या, बीड्स न दिलेल्या पेशी हाच खरा संदर्भ.

नेफ्रोकट्टा

बॅसिलिक्सिमॅबचं नाव निघालं म्हणून रुग्णालयाच्या बाजूने भर घालतो. मूत्रपिंड प्रत्यारोपणात प्रौढांना हे २० मिलिग्रामचे दोन डोस देतात, एक शस्त्रक्रियेच्या दिवशी आणि दुसरा चौथ्या दिवशी. सीडी२५ अडवणं म्हणजे टी पेशींची वाढ बंद असं असतं तर सोबत दुसरं काही द्यावंच लागलं नसतं. प्रत्यक्षात टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट आणि स्टेरॉइड ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरूच राहतात.

कोणतं औषध साखळीत कुठे बसतं हे पाहिलं की विषय डोक्यात पक्का बसतो. टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन कॅल्सिन्युरिन हे विकर अडवतात, एनफॅट केंद्रकात जात नाही, आयएल-२ तयारच होत नाही. सिरोलिमस तसं करत नाही. आयएल-२ तयार होतं, रिसेप्टरही असतो, पण पुढचं एमटॉर (वाढीचा संदेश पुढे नेणारं विकर) बंद असल्यामुळे पेशी जी१ (तयारीच्या) टप्प्यातून एस (डीएनए दुप्पट होण्याच्या) टप्प्यात जायला अडखळते. टोफासिटिनिब जॅक१ आणि जॅक३ या विकरांवर बसतं, म्हणजे रिसेप्टरच्या लगेच आत.

दाक्लिझुमॅबचा अनुभवही इथे उपयोगी आहे. हेही सीडी२५ अडवणारं प्रतिपिंड. मल्टिपल स्क्लेरोसिससाठी आलं आणि यकृत व मेंदूच्या गंभीर दुष्परिणामांमुळे २०१८ मध्ये बाजारातून मागे घेतलं गेलं. ते घेणाऱ्या रुग्णांत सीडी५६ जास्त असलेल्या एनके (नैसर्गिक मारेकरी) पेशी वाढलेल्या दिसत. कारण तेच, जे वर सीडी२५वाले म्हणाले: टी पेशी आयएल-२ पीत नाहीत म्हणून ते साठतं, आणि बीटा-गॅमावर चालणाऱ्या एनके पेशींना मिळतं.

विभाजनरेषा

खूप आभार. पूर्वजांचं गणित जुन्या फाइलींवर करून पाहिलं. सीडी२५ अडवल्यावर सुरुवात करणारे तेवढेच आहेत, सरासरी पिढ्या मात्र कमी. म्हणजे दुसरा निकाल सुटला.

उरले दोन प्रश्न. फॉस्फो-स्टॅट५ चं काय? आणि पुढे पेशी दोन आठवडे वाढवायच्या आहेत, तर आयएल-२ किती घालायचं? कुणी २० एकक म्हणतं, कुणी ३०० , कुणी थेट ६०००.

फ्लोमावशी

फॉस्फो-स्टॅट५: न दिलेली नळी पॉझिटिव्ह येते कारण ती 'न दिलेली' नाहीच. पेशींनी स्वतःचं आयएल-२ पृष्ठभागावर धरलेलं असतं, बीड्सही अजून चिकटलेले असतात. चुंबकाने बीड्स काढा, दोनदा धुवा, सायटोकाइन नसलेल्या ३७ अंशांच्या मीडियममध्ये किमान ४ तास विश्रांती द्या. मग ०, १, १०, १०० आणि १००० एकक प्रति मिलिलिटर अशी आयएल-२ ची पायरी, १५ मिनिटं, ३७ अंश. वेळ संपताच नळीतच पॅराफॉर्मल्डिहाइड घाला, अंतिम १.६ टक्के, १० मिनिटं. आधी धुवून मग पक्कं करत बसलात तर त्या वेळात फॉस्फेट उतरतो. पुढे बर्फगार ९० टक्के मिथेनॉल, बर्फावर ३० मिनिटं. मिथेनॉलमध्येच नळ्या उणे २० ला ठेवून दुसऱ्या दिवशी रंगवल्या तरी चालतात.

सगळ्यात जास्त फसगत मिथेनॉलने होते. पीई, एपीसी हे चमकणारे रंग आणि त्यांचे जोडरंग ही प्रथिनं आहेत, मिथेनॉलमध्ये त्यांची चमक जाते. म्हणून असे रंग मिथेनॉलच्या नंतर लावा, आणि त्या वेळी तुमचा क्लोन (प्रतिपिंडाचा ठरावीक वाण) मिथेनॉल लागलेला सीडी४ किंवा सीडी२५ ओळखतो का, हे आधी एकट्या रंगाच्या नळीत तपासा.

नियंत्रणं दोन हवीत. एक, टोफासिटिनिब १ मायक्रोमोलर आधी तासभर: चमक खाली बसली पाहिजे. बसली नाही तर ती स्टॅट५ ची नाही, प्रतिपिंडाची चिकटाचिकटी आहे. दोन, ताज्या, न चेतवलेल्या पेशींना आयएल-७ (दुसरं एक सायटोकाइन), १० नॅनोग्राम प्रति मिलिलिटर. नवख्या टी पेशींवर आयएल-७ चा रिसेप्टर भरपूर असतो, त्यामुळे जवळपास सगळी झुंड उजवीकडे, म्हणजे जास्त चमकेकडे, सरकते. त्याच पेशींना १० एकक आयएल-२ दिलं तर सीडी४ मधला छोटा हिस्साच सरकेल. तो बहुतांशी नियामक (बाकीच्यांना आवरणाऱ्या) टी पेशींचा.

सीडी२५वाला

मात्रेचा प्रश्न आकडेमोडीने सोडवू, कारण '३०० एकक' ऐकून काहीच कळत नाही. मानवी आयएल-२ ची ताकद साधारण १ कोटी ६४ लाख आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिलिग्राम आणि वजन १५.५ किलोडाल्टन. म्हणजे १०० एकक प्रति मिलिलिटर हे सुमारे ६ नॅनोग्राम, म्हणजेच साधारण ०.४ नॅनोमोलर. यावरून २० एकक ८० पिकोमोलर, ३०० एकक १.२ नॅनोमोलर, ६००० एकक जवळपास २४ नॅनोमोलर.

आता पकडीचे आकडे शेजारी ठेवा. २० एककांवरच तिहेरी रिसेप्टर जवळपास भरतो, बीटा-गॅमा ७-८ टक्केच. म्हणजे सीडी२५ असलेल्या ताज्या चेतवलेल्या पेशी आणि नियामक पेशी ऐकतात, बाकीच्या बहिऱ्या. १०० एककांवर बीटा-गॅमा चौथ्या हिश्शाच्या थोडं वर भरतो. ३०० वर अर्ध्याच्या पुढे. ६००० वर सीडी२५ आहे की नाही याने फरकच पडत नाही, एनके पेशीही पोटभर वाढतात. कर्करोगाच्या गाठीतून काढलेल्या टी पेशी फुगवताना ३००० ते ६००० वापरतात ते याच हिशेबाने: थकलेल्या, सीडी२५ उतरलेल्या पेशींनाही ढकलायचं असतं.

म्हणून 'किती' च्या आधी 'कोणाला' हे ठरवा. शुद्ध सीडी३ पेशी, दोन आठवडे, खास काही नको असेल तर ५० ते १०० एकक, दर दोन-तीन दिवसांनी ताजं मीडियम आणि ताजं आयएल-२, घनता ५ लाख ते २० लाख प्रति मिलिलिटर या पट्ट्यात. वर गेलात तर पेशी दुसऱ्या दिवसापर्यंत आयएल-२ संपवतात. खाली गेलात तर उलट गडबड: स्वतःचं आयएल-२ मीडियममध्ये इतकं पातळ होतं की पेशी एकमेकींना पोसू शकत नाहीत. २०० मायक्रोलिटरमध्ये १०-२० हजार पेशी टाकून 'उद्दीपन चाललं नाही' म्हणणाऱ्यांचं बऱ्याचदा इथेच बिनसतं. गोल बुड घ्यायचं कारणही हेच, पेशी जवळ बसतात.

एककांची एक खोच: जुन्या लेखांत सीटस एकक असतं. एक सीटस एकक म्हणजे सहा आंतरराष्ट्रीय एकक. आणि सौम्य केलेलं आयएल-२ प्लॅस्टिकला चिकटतं, त्यामुळे ०.१ टक्के अल्ब्युमिनमध्ये लहान वाटे करून उणे ८० ला ठेवा. वितळलेला वाटा परत गोठवू नका.

कोरडाबर्फ

मात्रेशी सहमत, पण दोन आठवड्यांसाठी एकटं आयएल-२ हीच निवड का, हे विचारायला हवं. सतत तेज आयएल-२ दिलं की सीडी८ पेशी अंतिम मारेकरी अवस्थेकडे ढकलल्या जातात: ग्रॅन्झाइम भरपूर, आयुष्य कमी. वर पुन्हा टीसीआर चेतवलात तर फास मार्गाने (पेशीच्या आत्मनाशाच्या वाटेने) मरायलाही त्या जास्त तयार असतात. वाढीचं आणि मरणाचं दोन्हींचं दार तेच सायटोकाइन उघडतं, हे १९९१ पासून माहीत आहे.

स्मृतीकडे झुकलेल्या पेशी हव्या असतील तर आयएल-७ आणि आयएल-१५, प्रत्येकी ५ ते १० नॅनोग्राम प्रति मिलिलिटर. वेग थोडा कमी मिळतो, पण सीसीआर७ आणि सीडी६२एल या स्मृतीच्या खुणा टिकवून असलेल्या पेशींचं प्रमाण सहसा जास्त राहतं. कार-टी (कर्करोग ओळखण्यासाठी जनुक बदलून घडवलेल्या टी) पेशी बनवणाऱ्यांत ही जोडी म्हणूनच प्रिय आहे. भारतात आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाल्यापासून इकडच्या प्रयोगशाळांतही हा प्रश्न वारंवार निघतो.

आयएल-७ एकटं मात्र चेतवल्या चेतवल्या देऊन उपयोग नाही. टीसीआर पेटल्यावर त्याची अल्फा साखळी, सीडी१२७, पृष्ठभागावरून उतरते, आणि आयएल-७ स्वतःही ती उतरवतं. त्या दिवसांत आयएल-१५ किंवा थोडं आयएल-२ च काम करतं, कारण दोघांची बीटा आणि गॅमा सामायिक आहे. याच कारणाने बॅसिलिक्सिमॅबने आयएल-१५ अडत नाही. प्रयोगात आयएल-१५ देऊन वर सीडी२५ अडवणार असाल तर निकालाचा अर्थ लावताना हे धरा. शरीरात आयएल-१५ सहसा मोकळं फिरत नाही. दुसऱ्या पेशी त्याला स्वतःच्या आयएल-१५ अल्फा साखळीवर धरून टी पेशीपुढे करतात.

नेफ्रोकट्टा

सामायिक गॅमा साखळीचा मुद्दा आला आहे तर 'वाढघटक' या शब्दाचाही निकाल लावून टाकू. गॅमा साखळीचा जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. तो बिघडला की मुलात टी पेशी आणि एनके पेशी जवळपास नसतात, बी पेशी असतात पण कामाच्या नसतात. हे मुख्यतः आयएल-७ आणि आयएल-१५ ऐकू न आल्यामुळे. नुसता आयएल-७ रिसेप्टर गेला तर टी पेशी जातात, एनके राहतात.

आणि आयएल-२ च नसलेले उंदीर? १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सगळ्यांची अपेक्षा होती की टी पेशी कमी पडतील. पेशी झाल्या, वाढल्या, आणि उंदीर आतड्याच्या दाहाने व स्वप्रतिकारक आजारांनी गेले. नियामक टी पेशी स्वतः आयएल-२ बनवत नाहीत, शेजाऱ्यांकडून घेतात. ते नसलं की त्या टिकत नाहीत आणि बाकीच्यांना आवरणारं कोणी उरत नाही. १९९५ मध्ये शिमोन साकागुची यांनी या पेशी ज्या खुणेवरून वेगळ्या काढल्या ती सीडी२५ च होती. २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह मिळालं. कर्करोगात मोठ्या मात्रेचं आयएल-२, किलोमागे ६ लाख एकक दर ८ तासांनी, देताना केशवाहिन्या गळायला लागतात म्हणून अतिदक्षता विभागाची तयारी ठेवावी लागते. स्वप्रतिकारक आजारांतल्या चाचण्यांत मात्र दिवसाला १०-२० लाख एककांच्या आसपासच थांबतात, तेवढ्यात नियामक पेशीच मुख्यतः वाढतात. दोन टोकांच्या या मात्रा म्हणजे वर काढलेला १० पिकोमोलर आणि १ नॅनोमोलरचाच हिशेब.

विभाजनरेषा

मग माझ्या वेलमध्ये नियामक पेशींचाही हिस्सा असणार, कारण सीडी३ वेगळ्या करताना त्या काढलेल्या नाहीत. पुढच्या फेरीत सीडी२५ जास्त असलेल्या पेशी सुरुवातीलाच बाजूला काढून एक गट ठेवायचा विचार आहे. आणि हाच प्रयोग उंदराच्या प्लीहेतल्या पेशींवर केला तर काय बदलावं?

फ्लोमावशी

काढाल तेव्हा शून्य तासालाच काढा. चेतवल्यावर सगळ्याच पेशींवर सीडी२५ चढतं, मग त्या खुणेला अर्थ राहत नाही.

उंदरासाठी: मीडियममध्ये ५० मायक्रोमोलर बीटा-मरकॅप्टोइथेनॉल न विसरता घाला, त्याशिवाय पेशी दोन दिवसांत ढेपाळतात. मानवी आयएल-२ उंदराच्या पेशींवर चालतं, उलट मात्र नीट चालत नाही. बॅसिलिक्सिमॅब उंदराच्या सीडी२५ वर बसत नाही. तिथे पीसी६१ क्लोन वापरतात, पण तो शरीरात नियामक पेशी नष्टही करतो, म्हणून प्लेटमधला निकाल आणि उंदरातला निकाल एका आलेखात मांडू नका. विभाजनाचा वेगही जास्त असतो. चौथ्या दिवसापर्यंत थांबलात तर सीएफएसईची शिखरं डाव्या टोकाला पेशींच्या मूळ चमकेत बुडालेली असतील. ४८, ६० आणि ७२ तासांना वाचा.